पुढच्या फळीची डोकी

रग्बीत पुढच्या फळीतल्या खेळाडूला जोखायचं असेल तर त्याचं पोट बघायचं नाही. पोट सगळ्यांना दिसतं आणि सगळे त्यालाच घाबरतात. आधी मान बघायची, मग पोटऱ्या, आणि मग तो खाली पडल्यावर उठतो कसा ते. गुडघ्यावर हात टेकून उठणारा माणूस सामन्याच्या शेवटी आपल्या हाती लागतो. हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलं आहे की आजही ऑफिसात कोणी मुलाखतीला आलं की माझी नजर आधी मानेकडे जाते. बायको म्हणते, "माणूस घ्यायचाय तुला, बैल नाही." ही पद्धत मला बाबांकडून मिळाली, आणि बाबांना रग्बीतलं ओ की ठो कळत नव्हतं.

बाबांना घरं बघता यायची. सिंगापूरला आल्यावर आम्ही आधी टॅम्पिनीसला भाड्याने राहिलो, मग बिशानला, आणि बिशानमध्येही एकदा घर बदललं. दर वेळी फ्लॅट बघायला बाबा मला बरोबर न्यायचे. एजंट हसतमुखाने खिडकी उघडून बाहेरची झाडं दाखवायचा. बाबा झाडांकडे ढुंकूनही न बघता स्वयंपाकघरात जायचे, इस्त्रीच्या पँटीतच गुडघ्यांवर बसायचे आणि सिंकखालचं कपाट उघडून आत डोकं घालायचे. मग घरातले सगळे नळ एकदम सोडायचे. मग जिन्यात उभं राहून शेजाऱ्यांच्या दारांचा वास घ्यायचे. "एजंट दाखवतो ते बघायचं नाही," ते मला परतीच्या गाडीत सांगायचे. "तो जिथे उभा असतो तिथून त्याला गोड बोलून हलवायचं, आणि त्याच्या पाठीमागची भिंत बघायची. ओल तिथे असते." बाबा बँकेत होते. तिथेही बहुधा हेच करत असावेत.

मी जाडा मुलगा होतो. सिंगापूरच्या शाळेत जाड्या मुलासाठी दोन रस्ते होते. एक म्हणजे जादा व्यायामाच्या वर्गात नाव लागणं आणि दुसरा रग्बी. मी रग्बीत गेलो आणि थेट पुढच्या फळीत. स्क्रम ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: दोन्ही संघांची आठ-आठ मुलं एकमेकांत खांदे अडकवून, डोकी खाली घालून समोरासमोर रेटतात. पहिल्या ओळीत तिघं. मधला पायाने चेंडू मागे ओढतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे दोघे खांबासारखे त्याला तोलून धरतात. आमच्यात मधला जुन वेई. किडकिडीत, बडबड्या आणि कशालाही न घाबरणारा. डावा खांब हाकीम आणि उजवा मी. माझं आडनाव साठे, पण पहिल्याच दिवशी हजेरी घेताना त्याचं 'साते' झालं आणि शाळा संपेपर्यंत तेच राहिलं. साते म्हणजे हॉकर सेंटरवर कोळशावर भाजतात त्या मांसाच्या काड्या. आमच्या घरात अंडंसुद्धा रविवारीच शिजायचं.

बाबा ऑफिसातून लवकर निघून सामन्यांना यायचे. बूट, टाय, हातात काळी छत्री. नियम कधी शिकले नाहीत. गुण कोणाला मिळाले ते माझ्या चेहऱ्यावरून ओळखायचे. पण एकदा मध्यंतरात मला बाजूला बोलावून म्हणाले, "तुझ्यासमोरचा तो ढोल्या, उठताना हात टेकतो बघ. गुडघा गेलाय त्याचा. त्याला सारखा खाली बसव." मी बसवला. आम्ही जिंकलो. तेव्हापासून समोरच्या संघाला जोखायचं काम माझ्याकडे आलं.

बाबा मार्चच्या सुट्टीत गेले. सकाळी ऑफिसला निघाले, लिफ्टपाशी खाली बसले, आणि उठले नाहीत.

मला रडू आलं नाही. कामं आली. कोणाला फोन करायचे, कोणाला आईने करायचे आणि कोणाला मी, बँकेला काय कळवायचं, पुण्याहून काका येईपर्यंत कशाला थांबायचं आणि कशाला नाही. मी ती एकामागून एक उरकली. आज लोक मला नीटनेटका म्हणतात. पाहुणे येणार असले तरी मी कामांची यादी करतो. ती सवय त्या आठवड्यातली आहे. तेव्हा मला एवढंच कळलं होतं की पुढचं काम समोर असेपर्यंत माणूस उभा राहतो.

गुरुजी म्हणजे आमचे जोशीकाका. आठवडाभर वन-नॉर्थच्या आयटी पार्कात संगणकाचे प्रोग्रॅम लिहायचे आणि शनिवार-रविवारी लोकांकडे सत्यनारायण सांगायचे. बारावं-तेरावं त्यांनी सुट्टीतच, एकत्र, थोडक्यात बसवून दिलं. केसांचा विषय निघाला तेव्हा ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "सौमित्र, हल्ली इथे नुसती एक बट कापतात. तेवढ्याने भागतं. तुला शाळा आहे."

"शास्त्र काय आहे?"

"शास्त्र म्हणशील तर पूर्ण. मागे शेंडी ठेवून."

"मग पूर्ण."

मोठी भक्ती होती असं नाही. काम अर्धवट ठेवायला नको, इतकंच. जोशीकाकांनी आमच्याच न्हाणीघरात, स्टुलावर बसवून मशीन फिरवलं आणि डोक्याच्या मागे करंगळीएवढी शेंडी ठेवली. आई दारात उभी राहून बघत होती. मग आत गेली आणि गॅस बारीक केला.

शाळा उघडली त्या सकाळी मी मैदानावर गेलो. हाकीमने मला लांबून पाहिलं आणि ओरडला, "वाह, साते! बोटाक ऑलरेडी!"

बोटाक म्हणजे टक्कल. आमच्या संघाची रीत अशी होती की बाद फेरीत पोचलो की सगळ्यांनी मिळून डोकी भादरायची. आम्ही उपांत्य फेरीत पोचलो होतो, पण भादरणं सामन्याच्या आदल्या दिवशी ठरलं होतं. मी आधीच करून आलो असं त्यांना वाटलं. सगळे धावत आले. डोक्यावर टपल्या पडल्या. जुन वेईने शेंडी पकडून ओढली आणि बोलण्याला तिथला नेहमीचा 'लाह' जोडत ओरडला, "शेपटी पण! स्टाइल लाह! आपण पण ठेवू, सगळे!" कोच जुने सैन्यातले, कौतुक त्यांच्या तोंडून सहसा निघत नसे. त्यांनी माझ्याकडे बोट करून सगळ्यांना सांगितलं, "याला म्हणतात तयारी." मुलांनी टाळ्या वाजवल्या.

मी ओळीत जाऊन उभा राहिलो. वर्गशिक्षिकेला आईने फोनवर कळवलं होतं. तिला मी, वर्गात सांगू नका, एवढंच म्हणालो. ती बरं म्हणाली. त्यानंतर रोज दुपारी मी मैदानावर जायचो आणि तिथे बाबा गेलेले नव्हते. तिथे मी उत्साहाच्या भरात आधीच टक्कल करून आलेला साते होतो. ती पोरं टपल्या मारत होती तोवर ती जागा माझी होती. मला ती एवढी एकच जागा हवी होती.

घरी आम्ही दोघं फार नीट वागत होतो. आई टॅम्पिनीसच्या एका कचेरीत अकाउंटंट होती. ती परत कामावर जायला लागली. संध्याकाळी तोच कुकर, त्याच शिट्ट्या, खालून डेपोत शिरणाऱ्या एमआरटी मेट्रोचा तोच लांबलचक घासल्यासारखा आवाज. कणीक ती अजून तिघांची भिजवायची. उरलेल्या पोळ्यांचा सकाळी फोडणीचा चिवडा व्हायचा आणि तो मी डब्यात न्यायचो. फक्त रविवार बदलला. रविवारी सकाळी आई मला स्वयंपाकघरात खाली बसवून डोक्याला खोबरेल चोळायची, अगदी लहानपणापासून; मी मोठा, तिच्या दुप्पट झालो तरी. सुतकात तेल लावत नाहीत म्हणून ते थांबलं. सुतक संपलं, पण निळी बाटली कपाटातच राहिली. तिने माझ्या डोक्याला हात लावला नाही आणि मीही खाली बसलो नाही.

सामन्याच्या आदल्या आठवड्यात कोचनी आम्हा तिघांना समोरच्या शाळेचा सराव-सामना बघायला पाठवलं. आम्ही पायऱ्यांवर बसलो, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीतलं थंड बार्लीचं पाणी, त्यात स्ट्रॉ. त्यांचा खांब मैदानात आला तेव्हा जुन वेईचं चोखणं थांबलं.

"अलामाक," तो म्हणाला. "याची आई याला काय घालते?"

"हा माणूस नाही," हाकीम म्हणाला. "हा फ्रिज आहे. दोन दारांचा."

फ्रिज हेच नाव पडलं. तमिळ मुलगा होता, काळासावळा, शांत, कोणावर ओरडत नव्हता. माझ्यासमोर तोच येणार होता. मी कामाला लागलो. मान: डोकं आणि खांदे यांच्यामध्ये मान अशी नव्हतीच. पोटऱ्या: दगडी. मग मी तो पडायची वाट बघत बसलो. पडला, हात न टेकता, सरळ उठला. दुसऱ्यांदाही तसाच. मी त्याच्या मागची भिंत शोधत होतो आणि मला ओल सापडत नव्हती.

"बोल ना, साते," जुन वेई कोपराने ढोसत होता. "काहीतरी बोल. खोटं बोल."

"उठतो सरळ."

"मग मेलो."

सामना संपल्यावर फ्रिज पाण्याची बाटली घेऊन थेट आमच्याकडे पायऱ्या चढून आला. आमचे शाळेचे टी-शर्ट त्याने खालूनच पाहिले होते. "जोखायला आलात?" त्याने विचारलं. इंग्रजीतच, पण हसून. हाकीम म्हणाला, "बार्ली प्यायला." फ्रिज आमच्या मागच्या पायरीवर बसला. पाणी प्यायला. मग मला मागून त्याचा आवाज आला, एकदम हळू.

"फादर ऑर मदर?"

मी वळलो. तो माझ्या शेंडीकडे बघत होता.

आमच्या अख्ख्या शाळेने ते डोकं रोज पाहिलं होतं, टपल्या मारल्या होत्या. याने एकदाच पाहिलं. "फादर," मी म्हणालो. हा शब्द त्या अर्थाने मी तोवर कोणापुढे उच्चारला नव्हता. फोनवर सगळ्यांना मराठीत सांगितलं होतं, आणि मराठीत 'गेले' म्हणून भागतं.

फ्रिजने मान हलवली. "माझी अम्मा. गेल्या वर्षी. आमच्यात आईचं धाकट्याने करायचं. मी धाकटा." उठताना त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, वजनासकट. "बुधवारी भेटू."

जुन वेईच्या स्ट्रॉमधून रिकामी हवा ओढल्याचा आवाज येत होता. त्याला ते कळत नव्हतं. हाकीमने त्याच्या हातातून पिशवी काढून घेतली.

आम्ही बसने बिशानला आलो. उतरल्यावर जुन वेई म्हणाला, "त्या दिवशी आम्ही टाळ्या वाजवल्या."

"हो."

"सांगायचंस ना लाह."

"काय सांगायचं?"

मी घरी आलो आणि पोळी-भाजी जेवलो. ती मैदानावरची जागा आता गेली, एवढं मला कळलं होतं. वाईट वाटेल म्हणून मी वाट बघितली. वाटलं नाही. दात काढताना सुई दिलेली असते, तेव्हा गालाला हात लावला तर दुसऱ्याचा गाल लागतो, तसं काहीसं होतं.

सामन्याच्या आदल्या दुपारी सगळा संघ कपडे बदलायच्या खोलीत जमला. मध्ये खुर्ची, जमिनीवर वर्तमानपत्रं. मशीन जुन वेईच्या हातात. त्याने ते सुरू केलं, पहिल्या मुलाच्या डोक्यापर्यंत नेलं आणि बंद केलं. मग सगळ्यांना एका वाक्यात सांगून टाकलं: सातेने हे खेळासाठी केलेलं नाही, त्याचे वडील वारले. कोणीतरी हातातला बूट खाली ठेवला.

"तर आता तू सांग, साते," जुन वेई म्हणाला. "आम्ही करू? कॅन ऑर नॉट?"

तेव्हा, त्या सगळ्या महिन्यात पहिल्यांदाच, मला काहीतरी वाटलं. ती भीती होती. माझ्यापुढे मुलं ओळीने बसली होती, शेंडी ठेवून टक्कल करायला तयार, आणि त्यांच्या प्रत्येकाच्या घरी बाप होता. बाप जिवंत असताना असं डोकं करायचं नसतं, हे आमच्याकडे कोणी शिकवत नाही. ते माहीतच असतं. खुर्चीत बसलेल्या मुलाचे वडील शाळेजवळच टॅक्सी लावून चहा प्यायचे, मी त्यांना ओळखत होतो. मी खोलीबाहेर आलो आणि आईला तिच्या कचेरीत फोन लावला.

"आई, मुलं टक्कल करतायत. माझ्यासारखं. शेंडीसकट."

"का?"

"आधी खेळासाठी करणार होते. आता कशासाठी ते माहीत नाही."

फोनमध्ये तिच्या कचेरीतला प्रिंटर ऐकू येत होता. "वडील आहेत ना त्यांचे?"

"आहेत. सगळ्यांचे."

मग तिचा कामाचा आवाज आला. "त्यांना सांग, आधी घरी विचारा. प्रत्येकाने. आईला विचारायचं."

"आणि हो म्हणाल्या तर?"

"तर करू देत. केसांनी कोणाचं काही होत नाही. आपलं झालं ते काय केसांनी झालं?" आणि थोडं थांबून, "पण न विचारता नाही हं, सौमित्र. कोणाच्या आईने एकदम तसं डोकं बघायला नको."

मी आत जाऊन सांगितलं, "माझी आई म्हणते, आपापल्या आईला विचारा."

कोणी हसलं नाही. मग सगळे एकदम हसले, आणि मग खरंच सगळ्यांनी फोन काढले. ज्यांच्याकडे नव्हते ते रांगेत उभे राहिले. आमच्या भागातली सगळ्यात दांडगी पोरं भिंतीकडे तोंड करून, आवाज बारीक करून, चिनीत आणि मलायमध्ये आयांच्या विनवण्या करत होती. कोच दारात येऊन बघत राहिले. एकाच्या आईने आधी गणिताचे मार्क विचारले. हाकीमची आई म्हणाली, टक्कल करायचं तर पूर्ण कर, चांगलंच आहे ते. पण थोडे केस ठेवून थोडे काढायचे नाहीत, आपल्यात चालत नाही, शेपटी नको. जुन वेईने सगळ्यात जास्त वेळ घेतला. आईला त्याने कारणही सांगितलं असावं, कारण मध्येच तो नुसता ऐकत होता. फोन ठेवून मला म्हणाला, "कॅन. आणि ती विचारते, तुझी आई सामन्याला किती वाजता येणार?"

आई कधीच सामन्याला आली नव्हती. मी म्हणालो, माहीत नाही. निरोप मात्र घरी दिला.

ती आली. अर्ध्या दिवसाची रजा काढून, बाबांची काळी छत्री घेऊन, खांद्याला पिशवी. दुपारचं ऊन असं होतं की गवताला हात लावला तर चटका बसावा. आम्ही ओळीने मैदानात उतरलो तेव्हा मी कुंपणाकडे पाहिलं. पांढरीफटक डोकी, मागे करंगळीएवढ्या शेंड्या आणि मधे हाकीमचा एक साफ गोटा. आईने छत्री थोडी वर केली, नीट बघता यावं म्हणून. तिच्या शेजारी एक ठेंगणी बाई उभी होती. ती जुन वेईची आई. ती छत्रीत शिरली.

फ्रिज समोर आला. त्याने आमची ओळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिली आणि शेवटी माझ्यावर थांबला. स्क्रममध्ये त्याचं डोकं माझ्या कानाला घासत आत शिरलं. "रेडी?" त्याने विचारलं. मग त्याने मला मागे नेलं. पुन्हा पुन्हा नेलं. आम्ही हरलो. किती गुणांनी ते मी विसरलेलो नाही, पण त्याचा इथे उपयोग नाही. एवढंच सांगतो, अगदी शेवटी दोघंही खाली पडलो होतो तेव्हा मी बघितलं: तो गुडघ्यावर हात टेकून उठला. मीही तसाच उठलो.

सामना संपला तेव्हा सगळी नवी डोकी उन्हाने लालबुंद झाली होती. पोरं हात लावून ओरडत होती. आई कुंपणातून आत आली, कोणाला काही न विचारता बाकावर पिशवी ठेवली आणि त्यातून निळी बाटली काढली. "इकडे या," ती इंग्रजीत म्हणाली. "वाका." जुन वेई पहिला वाकला. तिने तळहातावर तेल घेतलं आणि त्याच्या टाळूवर थापलं. मग पोरांची रांग लागली. हाकीम म्हणाला, "आंटी, मला शेपटी नाही." आई म्हणाली, "तुझ्या आईने बरोबर सांगितलं." माझी पाळी आली तर मी दुसऱ्याला पुढे केलं. मग आणखी एकाला.

रांगेच्या टोकाला फ्रिज येऊन उभा होता. त्याच्या डोक्यावर दाट केस होते. "आंटी, मी पण?"

"याची आई नाही," मी मराठीत म्हणालो.

आईने त्याच्याकडे पाहिलं. तिला हात पुरेना, म्हणून तो गुडघ्यांवर बसला. त्याच्या केसांत तिने दोन्ही हातांची बोटं घालून, रविवारी माझं करायची तसं, मुळांपासून चोळलं. "नीट जेवतोस ना?" तिने विचारलं. तो डोळे मिटून 'यस आंटी' म्हणाला.

मग कोणी उरलं नाही. मी तिच्यासमोर बसलो. आईने तळहात माझ्या डोक्यावर ठेवला आणि तो तिथेच थांबला. पोरांच्या टाळू गुळगुळीत होत्या; माझ्या डोक्यावर आता बारीक खुंट होते.

"तुझे वाढले की रे," ती म्हणाली.

आणि बाटली उलटी करून उरलेलं सगळं तेल तिने ओतलं.